खिरापतीतली फितुरी

शुभदाताईंना जाऊन सव्वा वर्ष झालं, तरी बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या मराठी बायकांच्या बोलण्यात त्या अजून हयात होत्या. "शुभदाताईंना भोंडल्याला कागदी डिशेस चालत नाहीत," असं कोणीतरी म्हणायचं आणि कागदी डिशेस मुकाट्याने पिशवीत परत जायच्या. जिवंतपणी त्यांच्याशी वाद घालणाऱ्या दोघीतिघी होत्या. आता त्याही उरल्या नाहीत, कारण गेलेल्या माणसाशी वाद घालायचा कसा?

त्यांची मायाच मुळी धाकदपटशाची. मुलगा जितेंद्र इंजिनियरिंगला होता तेव्हा रोज बाराच्या ठोक्याला बसने कॉलेजात जाऊन त्या त्याला गरम डबा पोचवायच्या. मित्र हसतात म्हणून एक दिवस जितेंद्रने डबा नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी शुभदाताई पाच डबे घेऊन हजर. मित्र जेवले, हसणं कायमचं बंद झालं. पुढे तो कंपनीत मॅनेजर झाला, डोक्यावरचे केस गेले, पण संपिगे रोड ओलांडताना त्या त्याचं मनगट धरायच्या ते धरायच्याच.

नात मनस्विनी बालवाडीत जाऊ लागली तेव्हा तर कहर झाला. पोर रडेल म्हणून पहिले पंधरा दिवस त्या शाळेच्या फाटकाशी, महांतेश नावाच्या वॉचमनच्या स्टुलावर बसून राहिल्या. पोर एकदाही रडली नाही. महांतेश मात्र पंधरा दिवस उभा राहिला. लग्न होऊन बेंगळुरूला आल्यापासून सदतीस वर्षं त्यांनी कन्नड खाणाखुणांवर निभावलं होतं, ते अखेर त्या महांतेशकडून शिकल्या. त्यामुळे त्यांच्या कन्नडमध्ये हुकूमच फार. आत या, बाहेर व्हा, फाटक लावा, वही कुठे आहे? भाजीवाल्यांशीही त्या त्याच भाषेत बोलायच्या आणि भाजीवाले निमूटपणे कोथिंबीर वर घालायचे.

पण त्यांचं खरं राज्य नवरात्रात. त्यांच्या घरचा भोंडला म्हणजे तीस-पस्तीस बायका-मुली, मधे पाटावर रांगोळीचा हत्ती, त्याच्याभोवती फेर, आणि शेवटी खिरापत. खिरापत झाकलेल्या डब्यात असते आणि ती ओळखल्याशिवाय मिळत नाही, हे सगळीकडे सारखंच. शुभदाताईंची खिरापत मात्र कोणाच्या बापाला ओळखू येत नसे. कधी दोडक्याच्या शिरांच्या वड्या, कधी कलिंगडाच्या पांढऱ्या गराचा हलवा. डबा कानाशी हलवून, वास घेऊन, गोड की तिखट, तळलेलं की उकडलेलं असे पन्नास प्रश्न विचारून बायका दमायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, शुभदाताईंचा झाकलेला डबा दहा लाखांचा होता. आणि मग, सगळ्या हरल्यावर, कुठल्यातरी कोपऱ्यातली एखादी नवखी नाहीतर बुजलेली मुलगी हळूच तोंड उघडायची आणि नेमकं नाव सांगून मोकळी व्हायची. दरवर्षी असंच. "नव्या नाकाला वास लवकर येतो," असं शुभदाताई म्हणायच्या. ओळखणारीला पहिली वाटी मिळायची, आणि शुभदाताई स्वतःच्या हाताने तिच्या केसांत गजरा माळायच्या.

सून वल्लरी हे सगळं चोवीस वर्षं बघत आली होती. म्हणजे दाराबाहेरून बघत आली होती. भोंडल्याच्या दिवशी सकाळी अकराला स्वयंपाकघराचं दार आतून लागायचं ते चारलाच उघडायचं. "आई, नारळ तरी खवून देऊ?" असं वल्लरीने पहिली काही वर्षं विचारून पाहिलं. "तू जा ग, तुझी विमानं उडव," असं आतून उत्तर यायचं. वल्लरी एका सरकारी संशोधन संस्थेत होती. विमानाच्या पंखांवरून वारा कसा वाहतो, हे मोजायचं तिचं काम. तेवढी अक्कल असलेल्या बाईला नारळ खवण्यापुरतंही विश्वासात घेऊ नये, हे तिच्या मनाला लागायचं. मराठी मंडळातल्या बायका तिला विचारायच्या, "तुला तर आधीच कळत असेल, नाही?" आणि ती गूढ हसून "तर!" म्हणायची. तिला कधीही, एकदाही, काहीही कळलेलं नव्हतं. हे खोटं हसणं ती चोवीस वर्षं हसली आणि तेच तिला सगळ्यात जास्त टोचायचं.

तिच्या खात्यावर एकच विजय होता. लग्नानंतरच्या पहिल्याच भोंडल्यात, नवी नवरी असताना, तिने खिरापत ओळखली होती. डबा जवळ आला, भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि गुळाचा वास आला आणि तिने क्षणात सांगितलं, शेंगपोळी! सोलापूरची मुलगी ती, शेंगपोळीवर वाढलेली. "आयुष्यात सासूबाईंना एकदाच हरवलं, पण नाकाच्या जोरावर हरवलं," ही गोष्ट ती दर पाहुण्याला सांगायची. शुभदाताई शेजारी लसूण सोलत बसलेल्या असल्या तर मान खाली घालूनच म्हणायच्या, "हो बाई, तुझं नाक म्हणजे नाक."

गेल्या वर्षी घरात सुतकाचं वर्ष, भोंडला झालाच नाही. यंदा मंडळातल्या बायकांनी ठरवलं की शुभदाताईंच्या आठवणीत भोंडला त्यांच्याच घरी व्हायचा आणि खिरापत वल्लरीने करायची. "तुला त्यांनी सगळं शिकवलंच असेल," असं बायका म्हणाल्या. वल्लरी गूढ हसली आणि रात्रभर तळमळत पडली.

तिने मनाशी एकच निश्चय केला. खिरापत कोणालाही ओळखता येता कामा नये. सासूबाईंचा मान राखायचा तर तो असाच. आणि ज्या दारामागे आपल्याला कधी घेतलं नाही, त्या दारामागे आपणही काही करू शकतो, हे निदान स्वतःला तरी दाखवायचं. मग शास्त्रज्ञ बाई कामाला लागली. तळण बाद, कारण वास. वड्या बाद, कारण आवाज. चार रविवार प्रयोग झाले आणि जितेंद्र ते प्रयोग खाऊन ऑफिसला जात राहिला. शेवटी ठरलं, नाचणीच्या उकडीचे मोदक, आत खजूर आणि तीळ. मोदक गणपतीचे, दसऱ्याला कोणाच्या डोक्यात येणार? त्यातून नाचणीचे! शिवाय एकेक मोदक तिने सुती रुमालाच्या तुकड्यात गुंडाळला. डबा हलवला तर आतून चकार शब्द नाही. सकाळी अकराला तिने स्वयंपाकघराचं दार लावलं, तेव्हा कडी घालताना तिचा हात क्षणभर थांबला. या कडीचा आतल्या बाजूचा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला.

चार वाजता बायका जमू लागल्या. जितेंद्रला मसाला दोसा खायला बाहेर पिटाळलं होतं. मनस्विनीने पाटावर हत्ती काढला. ती विसाव्या वर्षी रोबोट बनवत होती, पण हत्तीची म्हैस झाली. "आजीने बघितलं असतं तर पुसायला लावलं असतं," ती म्हणाली आणि तिने स्वतःच पुसून पुन्हा काढला. दुसऱ्यांदा म्हैस जरा बारीक झाली.

शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्का काठी टेकत आल्या. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांची मराठी अर्धी कन्नडच्या अंगणात खेळायची. शुभदाताईंची आणि त्यांची पन्नास वर्षांची मैत्री आणि पन्नास वर्षांचं भांडण. त्यांच्या घरी दसऱ्याच्या बाहुल्या मांडलेल्या असायच्या आणि भोंडला संपला की सगळ्या बायकांनी तिकडे कुंकवाला जायचं, हा दोघींमधला जुना तह होता.

सगळ्यात शेवटी आली श्वेता. ही कोणाच्याच ओळखीची नव्हती. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा निरोप वाचून कोरमंगलाच्या पीजीतून दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून आलेली. चोवीस-पंचवीस वर्षांची, चंदगडची, तीन महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली. "मी फक्त बघते हं," म्हणून ती चपलांजवळच्या खुर्चीत टेकली आणि मोबाइल काढून बसली. फेरात तिला दोघींनी ओढलं, तर एक गाणं होईपर्यंत फिरली आणि पुन्हा खुर्ची गाठली.

गाणी झाली. वल्लरीने डबा आणला. चेहरा परीक्षकाचा.

डबा पहिल्या कानाशी गेला. आवाज नाही. दुसऱ्या कानाशी, आवाज नाही. "आत काही आहे ना ग?" एकीने विचारलं. वास घेऊन झाला. हलवा, घारगे, सांजोऱ्या, अळूवड्या, ढोकळा, पात्रा, इडली, कोणीतरी वैतागून पिझ्झासुद्धा म्हणालं. वल्लरी प्रत्येकीला मान हलवून "नाही" म्हणत होती आणि प्रत्येक नाहीगणिक तिची मान अर्धा इंच ताठ होत होती. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. लहान मुली भुकेने आयांच्या पदराला लोंबकळू लागल्या. बायकांचे प्रश्न संपले. 

वल्लरी जिंकली होती. आणि जिंकल्यावर पुढे काय करायचं, हे तिला कळेना. शुभदाताईंच्या भोंडल्यात असं कधी झालंच नव्हतं. तिथे या वेळेपर्यंत कोणीतरी ओळखलेलं असायचं, टाळ्या पडलेल्या असायच्या, गजरा माळून झालेला असायचा. इथे दोन मोळ, म्हणजे दोन हात लांबीचा, मोगरा ताटात सुकत पडला होता.

"अय्यो, काय घोडं अडलंय हे," भाग्यलक्ष्मी अक्का पुटपुटल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती चपलांजवळच्या खुर्चीवर थांबवली. "ए पोरी. स्वल्प पाणी आण बघू मला आतनं. थंड नको."

श्वेता उठून आत गेली. पाणी आणायला चांगली तीन मिनिटं लागली तिला. बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते. अक्कांनी पेला घेतला, घोटभर पाणी पिऊन म्हणाल्या, "सरी. आता तू सांग. तुझा नंबर राहिलाय."

"मी नाही सांगणार," श्वेता म्हणाली.

"का ग?"

"मला माहितीये, पण..." ती अडखळली. "मी आत बघितलं. सिंकमध्ये भांडं होतं, ओट्यावर एक फुटलेला... म्हणजे, काहीतरी होतं. मी मुद्दाम नाही बघितलं. पण आता सांगितलं तर चीटिंग होईल."

आणि मग सौम्या हसायला लागली. सौम्या बँकेत अधिकारी, चाळिशीची, कधी मोठ्याने न बोलणारी. ती आधी तोंडावर हात धरून हसली, मग हात निसटला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय झालं ग?" वल्लरीने विचारलं.

"वल्लरीवहिनी, मी अकरा वर्षांची असताना जिंकले होते ना, कच्च्या पपईच्या वड्या ओळखून?" सौम्या डोळे पुसत म्हणाली. "त्या वर्षी मी गणितात नापास झाले होते. घराबाहेरच पडत नव्हते. शुभदाकाकूंनी कढीलिंबाच्या निमित्ताने मला बोलावलं आणि एक वडी तोंडात घातली. म्हणाल्या, संध्याकाळी सगळ्यात शेवटी सांगायचं, आधी सांगितलंस तर कान उपटीन."

"पपईच्या वड्या तुला?" समोरची एक पांढऱ्या केसांची बाई उठूनच उभी राहिली. "अहो, मला दोडक्याच्या! नवीन लग्न होऊन आले होते, कोणाशी बोलायची हिंमत नव्हती. जिन्यात गाठून कानात सांगितलं मला. आणि कोणाला बोललीस तर याद राख, असा दम दिला. तीस वर्षं मी नवऱ्यालासुद्धा बोलले नाही!"

"मला तर चिठ्ठी दिली होती," तिसरी म्हणाली.

मग काय, बांध फुटला. डिलिव्हरीनंतर उदास झालेली एक, तोतरी बोलणारी एक, नोकरी गेलेली एक. जिला तिला त्या त्या वर्षी शुभदाताईंनी गुपचूप फितूर केलं होतं, आणि जिला तिला वाटत होतं की फितूर आपण एकट्याच. पंचेचाळीस वर्षांत खिरापत कोणीही धड ओळखलेली नव्हती. बायका एकमेकींना टाळ्या देत होत्या, हसत होत्या, आणि हसता हसता दोघीतिघींचे डोळे भरून आले होते.

"हे फार होतंय!" मनस्विनी ओरडली. "मला नाही सांगितलं कधीच! सख्खी नात मी! मी दरवर्षी 'शिरा' म्हणून हरायचे!"

वल्लरी मात्र हसत नव्हती. तिच्या हातात तो मुका डबा होता आणि तिला एकदम फार एकटं वाटलं. जिन्यात भेटलेलीला सांगितलं, कढीलिंब आणणारीला सांगितलं. आणि मी?

"मलाही नाही," ती म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा धारदार निघाला. "चोवीस वर्षं दार बंद केलं माझ्या तोंडावर. तुम्हां सगळ्यांवर विश्वास होता त्यांचा. मी एकदाच ओळखली, ती माझ्या स्वतःच्या नाकाने."

भाग्यलक्ष्मी अक्कांनी काठी जमिनीवर आपटली. "कुठलं नाक? काय नाक नाक लावलंयस?"

"शेंगपोळी, अक्का. पहिल्या वर्षी."

"शुभदक्का रत्नागिरीची. जन्मात शेंगपोळी केली होती का तिनं? तुझ्या आईला सोलापूरला तीन वेळा फोन केला विचारायला. माझ्या घरनं केला. आपल्या घरनं केला तर बिलात नंबर दिसेल, सून हुशार आहे, म्हणाली. पहिल्या बारा पोळ्या फुटल्या तव्यावर. त्या फुटक्या पोळ्या मी आणि आमचे सासरे आप्पाजी आठवडाभर नाश्त्याला खाल्ल्या. नंतर आप्पाजींनी शेंगदाण्याचं नाव टाकलं ते कायमचं!"

वल्लरीने डबा खाली ठेवला. सोलापूरच्या आईनेही कधी ताकास तूर लागू दिली नव्हती. डोळ्यांसमोर आली ती मान खाली घालून लसूण सोलणारी सासू. दर पाहुण्यासमोर, दर वेळी, हो बाई, तुझं नाक म्हणजे नाक. चोवीस वर्षांत ती एकदाही हसली नव्हती. पाकळी खाली पडू दिली नव्हती.

"मी म्हटलं तिला, सरळ कानात सांग की तिच्या, बाकीच्यांना सांगतेस तसं," अक्का पुढे म्हणाल्या. आवाज आता मऊ झाला होता. "म्हणाली, ही कानात सांगितलेलं घेणारी नाही. हिला स्वतः जिंकायला लागतं. नवीन घर आहे, एकदा जिंकू दे तिला इथं."

"मग नंतर?" वल्लरीने विचारलं. हे विचारायला तिला चोवीस वर्षं लागली होती. "नंतर दार का लावायच्या?"

"ते पण विचारलं मी. सुम्ने गप्प बसणारी आहे का मी? म्हणाली, खिरापत बाहेरच्यांना फोडायची असते, म्हणजे ती माणसं आतली होतात. घरच्यांपासून लपवायची असते. सून घरचीच आहे, नात घरचीच आहे. त्यांना फोडून सांगितलं, तर लपवू कोणापासून?"

मनस्विनीने आईचा हात धरला. वल्लरीला रडू आलं आणि तिने ते बायकांसमोर येऊ दिलं. सुतकाच्या तेरा दिवसांत पाहुण्यांचे चहा बघता बघता ते राहूनच गेलं होतं.

मग तिने पदराने तोंड पुसलं, डबा उचलला आणि चपलांजवळच्या खुर्चीपाशी गेली. "सांग ग बाई आता. भुकेने पोरी रडायला लागल्यात."

"पण काकू, चीटिंग..."

"बोल पोरी," अक्का म्हणाल्या. "या खोलीत चीटिंग न करता जिंकलेली कोणी नाही."

श्वेताने भोवती पाहिलं. पस्तीस बायका एकदम आढ्याकडे, पंख्याकडे, हत्तीरूपी म्हशीकडे बघू लागल्या, जणू त्यांना काही ठाऊकच नाही.

"नाचणीचे मोदक," श्वेता म्हणाली.

असा कल्ला झाला की खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बाहेर आले. रुमालांतून मोदक निघाले. निम्मे चिकटले होते, खजूर जरा जास्तच झाला होता, आणि एकीने तसं स्पष्ट सांगितलंही. वल्लरीने पहिली वाटी श्वेताच्या हातात दिली आणि तिच्या आखूड केसांत गजरा माळायला घेतला. पिना पुरेनात. तिसऱ्या प्रयत्नात तो कसाबसा टिकला.

सगळ्या अक्कांकडे बाहुल्या बघायला निघाल्या तेव्हा श्वेता मागे रेंगाळली. आता तिच्या हातात मोबाइल नव्हता, मनस्विनीने बळेबळे दिलेला मोदकांचा डबा होता.

"काकू, पुढच्या वर्षी मी खरंच ओळखीन," ती म्हणाली. "आधी काहीच सांगू नका मला."

"पुढच्या वर्षी तुला कोण सांगतंय?" वल्लरी म्हणाली. "पुढच्या वर्षी तू स्वयंपाकघराकडे फिरकलीस तरी दार लावून घेईन."

आणि जिन्याच्या पायऱ्या उतरताना तिने नकळत श्वेताचं मनगट धरलं.